यंत्राला पाचोरा शिकवताना

मी शिरपुरात एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात कारकून आहे. बिल्ट्या बनवायच्या, भाड्याचा हिशेब ठेवायचा आणि कोणती गाडी कुठं पोचली हे ड्रायव्हर लोकांच्या व्हॉट्सॲप मेसेजवरून एक्सेलमध्ये चढवायचं, हे माझं काम. महिनाअखेरीला शेठला गावनिहाय यादी लागते. एक्सेलमध्ये 'अमळनेर' शोधलं की 'अमळनेरला पोचलो' सापडतं, पण 'नरडाणा' शोधलं तर 'नरडाण्याला उतरवला' सापडत नाही. चोपड्याचं, पारोळ्याचं, शहाद्याचं तेच. यावर मी युक्ती काढली, की गावाचं शेपूट कापायचं आणि नुसतं 'नरडाण', 'चोपड', 'धुळ' शोधायचं. यादी झटक्यात झाली. शेठनं ती वाचली आणि विचारलं, की या गाडीचं धुळ्याचं भाडं कुठाय? मूळ मेसेज होता, 'धुळीमुळे काही दिसत नाही, ढाब्यावर थांबलोय.'

माझा भाचा इथंच इंजिनीअरिंगला आहे, कॉम्प्युटरला. त्याला सांगितलं तर म्हणाला, "मामा, तुम्हाला फायनाइट स्टेट ट्रान्सड्यूसर पाहिजे." मी आधी ते शब्द कागदावर उतरवून घेतले. मराठीत मी त्याचं 'मर्यादित-अवस्था-रूपांतरक' असं केलं, आणि ते वाचून मला पहिल्यापेक्षा कमी कळलं. मग त्यानं चित्र काढलं. काही गोल काढायचे, गोलांमधून बाण काढायचे. प्रत्येक बाणावर दोन अक्षरं: एक यंत्र खातं ते, दुसरं यंत्र बाहेर टाकतं ते. पहिल्या गोलात उभं राहायचं, शब्दातलं एकेक अक्षर खात बाणावरून पुढं सरकायचं. शब्द संपला तेव्हा आपण दुहेरी रेघेच्या गोलात असलो तर शब्द मान्य, नसलो तर नामंजूर. गोल मोजके असतात म्हणून 'मर्यादित', आणि खाल्लेल्या अक्षरांच्या बदल्यात दुसरी मिळतात म्हणून 'रूपांतरक'. सगळ्यात गंमत म्हणजे हेच चित्र उलटंही चालतं. 'नरडाणा'चं 'नरडाण्याला' करणारं यंत्र 'नरडाण्याला' दिल्यावर 'नरडाणा' सांगू शकतं. मी एका रद्द बिल्टीच्या मागं पाच-सात गोल काढून पाहिले. शेठ मागून आला, बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "हा कोणता नवा रूट?"

भाच्यानं माझ्या जुन्या लॅपटॉपवर 'फोमा' नावाचं साधन टाकून दिलं. मान्स हुल्डेन नावाच्या भाषाशास्त्रज्ञानं ते २००९च्या सुमाराला फुकट वाटलं. त्याआधी झेरॉक्स कंपनीचं अशाच कामाचं एक साधन होतं, त्याचीच लिहायची पद्धत फोमानं उचलली आहे. झेरॉक्स म्हणजे कॉलेजसमोर एक रुपयात पान काढून मिळतं तेवढंच मला माहीत, त्यामुळे या कंपनीनं व्याकरणावर काम केलंय यावर माझा चटकन विश्वास बसेना. असो. फोमा उघडलं की काळ्या खिडकीत एक ओळ लुकलुकत बसते. बटण नाही, मेनू नाही. मी 'नरडाणा' हा शब्द घातला, शेवटच्या कान्याचं '्या' कर असा नियम घातला आणि 'नरडाण्या' देऊन मूळ गाव मागितलं. फोमानं तीन प्रश्नचिन्हं छापली. उत्तर नसलं की हे यंत्र '???' एवढंच म्हणतं. कितीतरी वेळ मी त्या प्रश्नचिन्हांशी भांडत होतो. भाचा आला आणि त्यानं शब्दाभोवती महिरपी कंस टाकले. कंस नसले तर फोमा 'नरडाणा' हे अख्खं एकच अक्षर समजतं. म्हणजे मी त्याला एक नवंच अक्षर शिकवलं होतं आणि त्याच्या शेवटचा काना बदल म्हणून हट्ट धरून बसलो होतो.

कंस घातल्यावर पुढचा धक्का बसला. आपण ज्याला अक्षर म्हणतो ते यंत्राचं अक्षर नव्हे. 'शिरपूर' यात मला चार अक्षरं दिसतात, यंत्राला सहा: श, ऱ्हस्व वेलांटी, र, प, दीर्घ उकार, र. वेलांटी हे स्वतंत्र चिन्ह, आणि ते श च्या आधी दिसत असलं तरी साठवलेलं श च्या नंतर. 'चोपड्या' यात ड आणि य यांच्या मध्ये हलन्त वेगळा मोजला जातो, म्हणजे पाय मोडल्याची ती तिरकी रेघ. हे एकदा कळल्यावर नियम सोपा झाला. गावाच्या नावानंतर अधिकचं चिन्ह, मग प्रत्यय: 'चोपडा+ला'. अधिकच्या आधी काना आला की त्याच्या जागी हलन्त, य, काना असे तीन तुकडे बसवायचे. दुसऱ्या नियमानं अधिक पुसून टाकायचं. 'धुळे'साठी मात्रेचाही तसाच नियम. अधिकचं चिन्ह अवतरणात ठेवावं लागतं, नाहीतर फोमाच्या भाषेत त्याचा अर्थ 'एक किंवा अनेक वेळा' होतो. हे सगळं नीट लिहिलं, पुन्हा पुन्हा तपासलं, आणि उत्तर आलं 'चोपडाला'. ना प्रश्नचिन्ह, ना चूक दाखवणारा संदेश. कुणी परगावचा माणूस बोलतो तसं, शांतपणे 'चोपडाला'.

भाच्याची परीक्षा सुरू होती. आमच्या गल्लीत एक निवृत्त संस्कृतचे सर राहतात. त्यांना कॉम्प्युटर चालवता येत नाही, मोबाइलही नातू लावून देतो. मी नियम कागदावर लिहून त्यांच्याकडे नेले, ते एवढ्यासाठी की प्रत्यय लागताना नामाचं जे रूप होतं ते सामान्यरूप, आणि तो शब्द मी शाळेनंतर ऐकला नव्हता. सरांनी चष्मा लावला, कागद वाचला आणि विचारलं, "अधिक आधी पुसलंस?" मी हो म्हटलं. "मग काना बदलणारा नियम काय बघून लागणार? त्याची खूण तूच पुसून टाकलीस." मी दोन नियम उलट्या क्रमानं जोडले होते. तेवढं सांगून सर थांबले असते तर बरं होतं, पण त्यांना रंग चढला. म्हणाले, पाणिनीनं हेच केलं. ज्याच्या जागी काही आणायचं ते षष्ठीत, जे आणायचं ते प्रथमेत, जे पुढं असायला हवं ते सप्तमीत, जे मागं असायला हवं ते पंचमीत. विभक्ती बघितली की नियमाचा अर्थ लागतो. आणि अष्टाध्यायीच्या शेवटच्या तीन पादांत तर क्रमच सगळं ठरवतो, तिथं पुढच्या नियमानं केलेलं काम मागच्या नियमाला दिसतच नाही. घरी येऊन मी फोमाचा नियम पुन्हा पाहिला: कशाच्या जागी, काय, कशाच्या मागे, कशाच्या पुढे. चार खण, त्यांनी सांगितले तेच. क्रम बदलला आणि 'चोपड्याला' आलं. ज्या नियमाशी मी भांडत होतो तो सरांनी लॅपटॉपला हात न लावता दुरुस्त केला होता.

त्या आनंदात मी गाड्यांची सगळी गावं ओतली. पारोळ्याला, शहाद्याला, तळोद्याला, शिंदखेड्याला, दोंडाईच्याला, आग्र्याला, सगळी बरोबर आली. मग आलं 'मथुऱ्याला'. मथुरा बाईमाणूस आहे, तिचं मथुरेला होतं. द्वारकेचंही तसंच. उलट साक्रीच्या वेलांटीला काहीच होत नाही, पण माळी लोकांचं 'माळ्याला' होतं. म्हणजे नुसता शेवट पाहून चालत नाही, शब्द कोणत्या घराण्यातला हे यादीतच लिहून ठेवावं लागतं. भाच्यानं आयआयटी मुंबईचा २०१०चा एक शोधनिबंध काढून दिला, मुग्धा बापट, हर्षदा गुणे आणि पुष्पक भट्टाचार्य यांचा, मराठी शब्दांची फोड करणाऱ्या अशाच यंत्रावर. त्यांनीही एकसारखे बदलणारे शब्द एका नमुन्याखाली लावले आणि नमुना व प्रत्यय जोडायचं काम मर्यादित-अवस्था यंत्राकडे दिलं. माझी यादी गावांची, त्यांची अख्ख्या मराठीची. मला वाटलं होतं की मी नवीन काही शोधून काढतोय. सरांना हे सांगितलं तर म्हणाले, इतिहासाचार्य राजवाडे धुळ्यात बसून मराठीचे धातू गोळा करत होते, ते गेले १९२६ साली. तू निदान पारोळा-शहादा तरी गोळा केलेस.

आता पाचोरा. या गावानं मला जेवढं दमवलं तेवढं कुणी दमवलं नाही. पाचोरा, काना काढला, हलन्त-य-काना लावला, यंत्र म्हणालं 'पाचोर्याला'. 'या'वर रफार, 'कार्याला' मध्ये असतो तसा. आपण म्हणतो आणि लिहितो ते 'पाचोऱ्याला', त्यात र ची ती आडवी, पापणीच्या केसासारखी खूण असते. मी डोळे चोळून पाहिलं, नियम तर बरोबर होता. र, हलन्त, य असे तुकडे एकापुढे एक आले की कॉम्प्युटर रफारच काढतो. हिंदीवाल्यांना आडवी खूण लागत नाही, आपल्याला लागते: दर्या वेगळा, दऱ्या वेगळ्या. म्हणून ही खूण हवी तर युनिकोडमध्ये दोन वाटा आहेत. एक म्हणजे नुक्ता असलेला ऱ वापरायचा, मग हलन्त, मग य. दुसरी म्हणजे साधा र, हलन्त, आणि त्यानंतर एक अदृश्य चिन्ह. झिरो विड्थ जॉइनर त्याचं नाव, म्हणजे शून्य रुंदीचा जोड. ते पडद्यावर दिसत नाही, छापल्यावर दिसत नाही, जागा घेत नाही, पण मोजणीत असतं.

मी ड्रायव्हरांचे मेसेज काढून बसलो. कुणाच्या फोनवरून पाचोऱ्यात नुक्त्याचा ऱ आला होता, कुणाच्यातून अदृश्य चिन्ह, आणि कुणी सरळ रफार देऊन मोकळा. एका पहिलवानानं 'पाचोराला' लिहिलं होतं. डोळ्यांना पहिले दोन अगदी एक दिसतात. एकावर एक ठेवून पाहा, केसाएवढा फरक नाही. यंत्राला मात्र ती दोन वेगळी गावं. आजवर एक्सेलमध्ये पाचोऱ्याच्या गाड्यांची बेरीज का चुकायची हे त्या दिवशी कळलं. मी शेठला मोठ्या उत्साहानं सांगायला गेलो, की आपल्या हिशेबात एक अदृश्य अक्षर आहे. शेठनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि घरी जाऊन आराम करायला सांगितलं.

इथवर मी वजनांचं नाव काढलेलं नाही, कारण इथवर वजनांची गरज नव्हती. शब्द बसला तर बसला, नाहीतर तीन प्रश्नचिन्हं. पण मेसेज धावत्या गाडीच्या सीटवर बसून क्लीनर लिहितो. 'नरडानाला', 'चोपडयाला', 'पाचोराला' हे सगळं येतं. माणसाला ते कळतं, कारण माणूस म्हणतो 'थोडं चुकलंय, पण नरडाणाच.' हे 'थोडं' यंत्राला सांगायचं तर आकड्यात सांगावं लागतं. भाच्यानं म्हटलं की त्यासाठी प्रत्येक बाणावर खर्च लिहायचा, आणि तसं यंत्र म्हणजे 'वेटेड', वजनदार. आमच्या धंद्यात वजन वाढलं की भाडं वाढतं म्हणून आम्ही खूश. इथं उलटं, कमी वजनाचा रस्ता चांगला.

यासाठी फोमाच्या जोडीला ओपनएफएसटी घ्यावं लागलं. गुगल आणि न्यूयॉर्क विद्यापीठाच्या लोकांनी ते २००७ साली खुलं केलं. सीरिल अलॉझाँ, मायकेल रायली, मेहर्यार मोहरी ही त्यातली नावं. यांतले काही त्याआधी एटी अँड टी या टेलिफोन कंपनीत बोललेलं ओळखणारी यंत्रं बनवत होते. बोललेलं ओळखायचं तर ध्वनीपासून उच्चार, उच्चारापासून शब्द, शब्दांपासून वाक्य अशी यंत्रं एकाला एक जोडायची, आणि ऐकलेल्या गोंगाटातून सगळ्यात स्वस्त वाक्य काढायचं. २०११च्या काल्डी नावाच्या प्रसिद्ध साधनाच्या पोटातही हेच ओपनएफएसटी होतं. हे सगळं वाचून मला वाटलं, एवढ्या मोठ्या लोकांचं साधन आहे तर वापरायला सोपं असेल.

ओपनएफएसटीत नियम लिहायचे नसतात, चित्रच लिहायचं असतं, ओळीओळीनं. प्रत्येक ओळीत पाच रकाने: कुठून, कुठं, काय खाल्लं, काय टाकलं, खर्च किती. शेवटच्या गोलासाठी एका आकड्याची ओळ. ती विसरली तर यंत्राला मुक्कामच नसतो आणि ते रिकामं ठरतं. शिवाय प्रत्येक चिन्हाला नंबर देणारी वेगळी फाइल, त्यात शून्य नंबर 'काहीच नाही' यासाठी राखीव. ते एप्सिलॉन. मी याचं भाषांतर 'रिकामी खेप' असं केलं आणि माझ्यापुरतं ते चाललं. फाइल बांधायला दिली तर यंत्र म्हणालं, अमुक ओळीतल्या चिन्हाला नंबर नाही. कोणत्या चिन्हाला? अवतरणचिन्हं होती आणि त्यांच्या मध्ये काहीच नव्हतं. पाचोऱ्याचं ते अदृश्य चिन्ह इथंही येऊन बसलं होतं. त्याला नंबर दिला, दोन यंत्रं जोडायला घेतली, तर नवीन तक्रार आली की पहिल्याचे बाण बाहेर टाकलेल्या किंवा दुसऱ्याचे बाण खाल्लेल्या चिन्हांच्या क्रमानं लावलेले नाहीत. त्यासाठी वेगळी आज्ञा आहे, आर्कसॉर्ट. भाच्याला माहीत होती. त्याला वाटलं होतं, मलाही माहीत असेल.

एक यंत्र असं केलं, की अक्षर जसंच्या तसं गेलं तर खर्च शून्य, ण च्या जागी न आला तर अर्धा, हलन्त गाळला तर अर्धा, दुसरं अक्षर गाळलं किंवा जास्तीचं घातलं तर दोन, अदृश्य चिन्ह आलं-गेलं तर फुकट. दुसरं यंत्र गावांच्या यादीचं. दोन्ही जोडली आणि सगळ्यात स्वस्त रस्ता मागितला. हिशेब सरळ आहे. शिरपूरहून जळगावला चोपड्यावरून जा किंवा धुळे-पारोळा-एरंडोलवरून जा, प्रत्येक रस्त्यावरच्या टप्प्यांचं भाडं बेरजेनं मोजायचं, आणि दोन रस्त्यांतलं कमी भाडं घ्यायचं. रस्त्यावर बेरीज, रस्त्यांमध्ये किमान. गणितवाले याला ट्रॉपिकल सेमिरिंग म्हणतात, ब्राझीलचे गणिती इम्रे सायमन यांच्या सन्मानार्थ फ्रेंच मंडळींनी ते नाव ठेवलं. मी 'धुळयाला' असा हलन्त नसलेला शब्द दिला, मूळ गाव छाप म्हटलं, आणि उत्तर उभ्या ओळीत आलं: ध, मग मात्रा, मग ळ, मग उकार. म्हणजे धुळे, पण पहिलं अक्षर सोडून बाकीचं गाव उलटं. मी खर्चाचे आकडे बदलले, फाइल पुन्हा बांधली, तरी तेच. अखेर कळलं की स्वस्त रस्ता काढताना यंत्र मुक्कामापासून मागं मागं येत गोलांना नंबर देतं, आणि छापणारी आज्ञा सुरुवातीचा गोल आधी छापून बाकीचे नंबरानं छापते. टॉपसॉर्ट नावाची आज्ञा मध्ये घातली की धुळे सरळ होतं. यंत्रानं उत्तर पहिल्यांदाच बरोबर दिलं होतं, मला वाचता आलं नव्हतं.

एवढं झाल्यावर मी धीट झालो आणि भाच्यानं सुचवलेली शेवटची सुधारणा केली. ज्या गावाला गाड्या जास्त जातात ते गाव स्वस्त, कमी जातात ते महाग. त्यासाठी गाड्यांच्या प्रमाणाचा लॉगरिदम घ्यायचा आणि त्याचं चिन्ह उलटं करायचं. निम्म्या गाड्या एका गावाला जात असतील तर त्या गावाचा खर्च ०.६९, शंभरात एक जात असेल तर ४.६१. शक्यतांचा गुणाकार करण्याऐवजी खर्चांची बेरीज होते, एवढाच त्यातला फायदा मला कळला. आमच्या बऱ्याच गाड्या तापीकाठच्या सावळद्याला जातात. केळीच्या हंगामात क्वचित एखादी रावेर तालुक्यातल्या सावद्याला. आता बघा: 'सावळद्याला' यातला ळ गाळला की उरतं 'सावद्याला'. ड्रायव्हरनं अगदी शुद्ध 'सावद्याला पोचलो' लिहिलं. यंत्रानं मोजलं: हे सावदाच धरलं तर चूक शून्य, गावाचा खर्च ४.६१. सावळदे धरलं तर एका गाळलेल्या अक्षराचे २, गावाचे ०.६९, एकूण २.६९. स्वस्त पडलं सावळदे. केळी भरायला दूर सावद्याला गेलेली गाडी माझ्या यादीत शिरपूरच्या वेशीजवळ तापीच्या पुलापाशी उभी होती, आणि शेठ डिझेलच्या बिलावरून ड्रायव्हरला झापत होता.

गाळलेल्या अक्षराचा खर्च चार केला, ४.६९ विरुद्ध ४.६१, सावदा निसटता जिंकला. पण मग खरोखर ळ गाळणारा क्लीनर सावद्याला जाऊन पडू लागला. कोणता आकडा बरोबर, हे यंत्र सांगत नाही. आकडा आपण द्यायचा, ते फक्त बेरीज करतं, आणि ती कधी चुकत नाही.

अहिराणीचं काम त्या मानानं हलकं गेलं, आणि तिथंच माझी जास्त जिरली. अर्धे मेसेज अहिराणीत असतात: 'गाडी धुयाले पोची गयी'. ळ चा य होतो, ला चं ले होतं. मी घाबरत घाबरत नवीन नियम लिहायला बसलो. पण 'चोपडाले', 'पाचोराले', 'सावदाले' यांत काना आहे तिथंच राहतो. हलन्त नाही, य नाही, र ची आडवी खूण नाही, अदृश्य चिन्ह नाही. ज्या पाचोऱ्यानं मला रडवलं तो अहिराणीत पहिल्या फटक्यात निघाला. ऑफिसातला हमाल हे बघत होता. म्हणाला, "मंग इतला दिन काय करी राह्यनतात?" त्याला काय उत्तर देणार. ग्रिअर्सननं १९०७ साली आपल्या भाषिक सर्वेक्षणात खान्देशीला, म्हणजे आमच्या अहिराणीला, मराठीच्या खंडात न घालता भिल्ली भाषांच्या खंडात घातलं होतं, आणि त्यावर आजही लोक वाद घालतात. माझ्या फाइलीत दोघी शेजारी शेजारी बसल्या आहेत आणि वाद य चा आहे. अहिराणीतला य उलटा ळ करायचा म्हटलं की 'यावल'चं 'ळावल'ही होतं. पण ळावल नावाचं गाव यादीत नाही, त्यामुळे जोडताना ते आपोआप गळून पडतं. यादी न जोडता नुसते नियम उलटे चालवले, तर मात्र यंत्र मनाला येईल तिथं अधिकचं चिन्ह घालत सुटतं आणि उत्तरं संपत नाहीत. तो प्रकार मी केला आहे. लॅपटॉपचा पंखा अजून आवाज करतो.

भाच्याचे मित्र मला विचारतात, की एवढी कटकट कशाला, फोनमधल्या एआयला विचारा. विचारलं होतं. एका ॲपनं 'धुयाले' याचा अर्थ 'धुवायला' असा सांगितला, मोठ्या खात्रीनं, आणि पुढं गाडी धुण्याबद्दल चार सूचनाही दिल्या. त्याला दोष देत नाही, अहिराणीत लिहिलेलं त्याच्या पुढ्यात कितीसं आलं असेल? माझ्या यंत्रालाही अहिराणी येत नाही, पण त्याला काय येत नाही ते मला ओळ न ओळ माहीत आहे. शिवाय नेट गेलं तरी ते चालतं, आणि शिरपुरात नेट जातं. पण खरं सांगायचं तर मला त्याची तीन प्रश्नचिन्हं आवडायला लागली आहेत. सुरुवातीला ती बघून चिडायचो. आता एखाद्या मेसेजपुढे ती आली की मी निवांतपणे फोन उचलतो आणि ड्रायव्हरला विचारतो.

सावदा-सावळद्याचा तोडगा भाच्यानं काढला तो असा. स्वस्त रस्ता एकच मागायचा नाही, दोन मागायचे, शॉर्टेस्टपाथ या आज्ञेलाच तसं सांगता येतं. दोघांच्या खर्चात फरक फारच कमी असला तर यंत्रानं ठरवायचं नाही, दोन्ही नावं दाखवायची आणि मी विचारायचं. परवा धुळ्याहून निघालेल्या गाडीचं असंच झालं, दोन्ही नावं खाली-वर आली. मी ड्रायव्हरला फोन लावला, "गाडी सावद्याला का सावळद्याला?"

"दोन्हीकडे, मामा," तो म्हणाला. "पह्यले सावयदाले, मंग सावदाले."

माझ्या फाइलीत एका मेसेजला एकच गाव बसतं. भाचा म्हणतो, त्यासाठी शेवटच्या गोलातून पहिल्या गोलाकडे एक बाण लागेल, रिकाम्या खेपेचा. किती खर्चाचा ठेवायचा, ते अजून ठरलेलं नाही.